सायगॉनचं युद्ध संग्रहालय: घरच्यांना घेऊन जाताना

दिवाळीच्या सुट्टीत व्हिएतनामला जाऊन आलेलं एखादं तरी कुटुंब आता नागपुरातल्या बहुतेक सोसायट्यांत सापडतं. हो ची मिन्ह सिटी, म्हणजे जुनं सायगॉन, बहुतेकांच्या कार्यक्रमात असतंच आणि त्यात अमेरिकेशी झालेल्या युद्धाचं ‘वॉर रेम्नंट्स म्युझियम’ एका ओळीत उरकलेलं असतं. आमच्या कागदावर लिहिलं होतं: ११ ते ११.४५ संग्रहालय, मग जेवण, मग बेन थान बाजार. त्या पाऊण तासात अंगण आणि एक दालन कसंबसं झालं आणि गाईडने झेंडी वर केली. बसमध्ये बसल्यावर बाबा म्हणाले, “मी काही पाहिलंच नाही.” दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं ग्रुपपासून वेगळे झालो आणि सकाळी साडेसातला पुन्हा त्याच फाटकाशी उभे राहिलो. इथे जे सांगतो आहे ते त्या दुसऱ्या भेटीतून आलेलं आहे.

आम्ही चौघं म्हणजे बाबा (वय ७१), बायको, आठवीतला मुलगा आणि मी. बाबांची सगळी नोकरी अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत गेली. तोफगोळ्यांच्या रिकाम्या कवचांचं काम. त्यामुळे युद्धाचं संग्रहालय त्यांच्यासाठी इतरांसारखं नव्हतं, हे मला निघण्याआधीच समजायला हवं होतं. म्हणून पहिली गोष्ट हीच: सोबत कोण येणार आहे आणि त्याच्या आयुष्यात या विषयाशी जोडलेलं काय आहे, याचा विचार तिकीट काढायच्या आधी करा. घरात कोणी फौजेत होतं का? कोणाचं मूल आजारी आहे का, कोणी नुकतंच गेलं आहे का? तिथल्या काही दालनांत जन्मतः व्यंग असलेल्या मुलांचे फोटो भिंतभर आहेत. घरात तसं दुःख असेल तर त्या माणसाला आधी सांगा, तिथे गेल्यावर नको.

निघण्याआधी

नागपूरहून थेट विमान नाही. मुंबई, दिल्ली, कोलकाता अशा एखाद्या मोठ्या शहरातून जावं लागतं. भारतीयांना ई-व्हिसा लागतो आणि तो व्हिएतनाम सरकारच्या संकेतस्थळावर घरबसल्या मिळतो. एकदा प्रवेशाच्या व्हिसाची फी २५ डॉलर आहे. सरकारी संकेतस्थळासारखी दिसणारी खासगी संकेतस्थळं याचेच दुप्पट-तिप्पट घेतात, तेव्हा पत्ता नीट तपासा. नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच, त्याच क्रमाने भरा. आपल्याकडे ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात मुलाचं आणि वडिलांचं अशी दोन्ही नावं असतात. अर्जात वडिलांचं नाव गाळलं तर विमानतळावर अडवू शकतात. उतरण्याचा विमानतळही अर्जात निवडायचा असतो. सायगॉनचा तो तान सोन न्हात. अर्ज निदान तीन आठवडे आधी टाका म्हणजे चूक निघाली तर दुरुस्तीला वेळ उरतो.

आता खरी तयारी. संग्रहालयातले फलक व्हिएतनामी आणि इंग्रजीत आहेत. आपल्या आई-बाबांना आणि लहान मुलांना तिथे उभ्या उभ्या शंभर वर्षांचा इतिहास समजावणं जमत नाही. मी एका कागदावर मराठीत सात-आठ ओळी लिहून फ्रिजवर लावल्या होत्या, महिनाभर येता-जाता सगळे वाचत होते:

१८५८: फ्रेंच आरमाराचा हल्ला, मग फ्रेंचांची सत्ता.
२ सप्टेंबर १९४५: हो ची मिन्ह यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं.
१९५४: दिएन बिएन फू इथे फ्रेंचांचा पराभव. जिनिव्हा करार, देशाचे १७ व्या अक्षांशावर दोन भाग.
१९६५: अमेरिकेच्या लढाऊ तुकड्या दा नांगला उतरल्या.
१९६८: तेत सणातला मोठा हल्ला, त्याच वर्षी माय लायचं हत्याकांड.
१९७३: पॅरिस करार, अमेरिकी सैन्य परत.
३० एप्रिल १९७५: सायगॉन उत्तर व्हिएतनामच्या हाती पडलं.

या यादीत एक ओळ मी नंतर वाढवली आणि ती आम्हा सगळ्यांना सगळ्यात जवळची वाटली. सप्टेंबर १९४५ मध्ये जपानी सैन्याला नि:शस्त्र करायला ब्रिटिशांनी सायगॉनला जी फौज पाठवली, ती होती जनरल ग्रेसी यांच्या हाताखालची २० वी इंडियन डिव्हिजन. म्हणजे आपलेच जवान. फ्रेंचांची सत्ता परत बसवण्याच्या कामाला त्यांना लावलं गेलं आणि हो ची मिन्ह यांच्या व्हिएत मिन्ह संघटनेशी लढावंही लागलं. स्वतःच्या देशाला स्वातंत्र्य मिळायला दोन वर्षं बाकी असताना ही पोरं दुसऱ्याचं स्वातंत्र्य रोखायला उभी केली गेली होती. पुढे १९५४ च्या करारावर देखरेख ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे आलं, कॅनडा आणि पोलंड सोबत होते. एवढं माहीत असलं की माणूस त्या इमारतीत नुसता पर्यटक म्हणून शिरत नाही.

घरातल्या मोठ्यांचे पाय किती वेळ साथ देतात हेही नागपुरातच पाहून घ्या. आम्ही जाण्याच्या दोन आठवडे आधी एका रविवारी अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात गेलो. बाबा पन्नास मिनिटं आरामात उभे राहिले, मग बसायला जागा शोधू लागले. हा हिशोब सायगॉनला तंतोतंत उपयोगी पडला: पन्नास मिनिटं बघणं, पंधरा मिनिटं बसणं.

त्या दिवशी सकाळी

संग्रहालय रोज सकाळी साडेसातला उघडतं आणि साडेपाचला बंद होतं. जाण्याआधी अधिकृत संकेतस्थळावर वेळ बघून घ्या. पत्ता २८, वो वान तान. टॅक्सी बोलवायचं ग्रॅबचं अ‍ॅप मोबाइलवर टाकून ठेवा, भाडं आधीच दिसतं, घासाघीस नाही. आम्ही गेलो तेव्हा मोठ्यांचं तिकीट ४०,००० डोंग होतं, आपले दीडशे रुपयेसुद्धा नाहीत. नोटा मात्र सावकाश मोजा. २०,००० आणि ५,००,००० या दोन्ही नोटा निळ्या आहेत, घाईत एकीच्या जागी दुसरी सहज जाते.

उघडताच जाण्याचं कारण साधं आहे. नऊ-साडेनऊनंतर बसेस लागतात आणि दालनं भरतात. गर्दीत या फोटोंसमोर उभं राहता येत नाही, मागचा माणूस पुढे ढकलतो. दुसरं कारण हवा. आपण नागपूरकर ४५ अंश सहन करतो, पण ते कोरडं ऊन असतं. तिथला दमटपणा वेगळा, अंगातलं सगळं बळ घामासोबत जातं. दिवाळीच्या आसपास तर दुपारी पाऊसही येतो. पाण्याची बाटली, बाबांची दुपारची गोळी आणि थोडा चिवडा एवढंच घेऊन निघालो.

वरून खाली या

फाटकातून आत गेल्यावर अंगणातली हेलिकॉप्टरं, रणगाडे आणि विमानं मुलांना ओढतात. तिथे थांबू नका. लिफ्टने थेट वरच्या मजल्यावर जा आणि मग एक एक मजला खाली उतरत या. गर्दी खालून वर चढते, तुम्ही वरून खाली येता, त्यामुळे पहिला तासभर दालनं जवळजवळ मोकळी मिळतात. आणि वरच्या मजल्यावर जे आहे ते ताज्या डोक्याने बघण्याचं आहे.

तिथे ‘रेक्विएम’ नावाचं दालन आहे. या भागातल्या युद्धांत मारल्या गेलेल्या छायाचित्रकारांनी काढलेले फोटो त्यात आहेत, आणि ते दोन्ही बाजूंचे आहेत: अमेरिकी, फ्रेंच, जपानी, उत्तर आणि दक्षिण व्हिएतनामी. टिम पेज आणि हॉर्स्ट फास या दोघांनी, जे स्वतः त्या युद्धात कॅमेरा घेऊन फिरले होते, हा संग्रह उभा केला. इथे ज्यांचे फोटो आहेत ते रॉबर्ट कापा १९५४ मध्ये सुरुंगावर पाय पडून गेले. लॅरी बरोज आणि आँरी ह्युए १९७१ मध्ये लाओसवर पाडलेल्या एकाच हेलिकॉप्टरमध्ये होते. या दालनाला सगळ्यात जास्त वेळ द्या, मी तर म्हणेन अर्धा वेळ इथेच द्या. सगळे फोटो बघू नका. प्रत्येकाने एक निवडायचा, त्याच्यासमोर पाच मिनिटं उभं राहायचं आणि मग बाकीच्यांना तिथे नेऊन दाखवायचं. आम्ही असं केलं. मुलाने निवडलेल्या फोटोत चिखलात बसलेला एक सैनिक होता, त्याच्या वयाचं त्याला आश्चर्य वाटलं. “हा तर आपल्या कॉलनीतल्या दादाएवढा आहे,” एवढंच तो म्हणाला. मी काही समजावलं नाही, समजावायची गरज नव्हती.

आई-बाबांना इंग्रजी वाचायला त्रास होत असेल तर प्रत्येक फलक भाषांतर करून सांगू नका, दहा मिनिटांत दोघंही थकता. दालनात शिरताना दोन वाक्यांत सांगा की इथे काय आहे. मग त्यांनी एखाद्या फोटोकडे बोट केलं की तेवढाच फलक वाचा, हळू आवाजात. आपल्या लोकांचा आवाज चढतो, आणि बाजूला कोणी अमेरिकन म्हातारा एकटाच उभा असू शकतो. आमच्या बाजूला होता.

मधला मजला: आधी तुम्ही एकटे जा

इथे युद्धगुन्ह्यांचं दालन आहे आणि एजंट ऑरेंज या रसायनाचं. या दोन्ही दालनांत आधी एकच मोठा माणूस जाऊन फेरी मारून येऊ दे, बाकीच्यांनी बाहेरच्या बाकावर बसावं. नंतर ठरवा कोण आत येणार. दहा-अकरा वर्षांखालच्या मुलांना मी नेणार नाही. लहान मुलांसाठी संग्रहालयात कबुतराच्या नावाची एक खेळायची खोली आहे, पाळीपाळीने कोणी तरी तिथे बसा.

मोठ्या मुलांना न्यायचं असेल तर प्रत्येक कठीण फोटोची पुढची गोष्ट आधी माहीत करून घ्या. ८ जून १९७२ चा तो फोटो, नापाम बॉम्बच्या आगीत भाजलेली नऊ वर्षांची मुलगी रस्त्यावरून धावते आहे, जगभर माहीत आहे. पण किम फुक वाचली, मोठी झाली, कॅनडात स्थायिक झाली आणि पुढे युनेस्कोची सदिच्छादूत झाली, हे फोटोसमोर उभ्या मुलाला माहीत असायला हवं. माय लायचंही तसंच. १६ मार्च १९६८ ला अमेरिकी तुकडीने त्या गावातल्या बायका, मुलं, म्हातारे मारले. अमेरिकी सैन्याचा आकडा ३४७, गावातल्या स्मारकावरचा ५०४. त्याच सकाळी ह्यू थॉम्पसन नावाच्या अमेरिकी पायलटने आपलं हेलिकॉप्टर सैनिक आणि गावकरी यांच्या मध्ये उतरवलं आणि हाती लागतील तेवढे जीव बाहेर काढले. तीस वर्षांनी तो त्या गावात परत गेला. हे मी मुलाला आदल्या रात्री हॉटेलवर सांगितलं होतं. दालनात त्याने मला एकही प्रश्न विचारला नाही, पण हात धरून ठेवला होता. आठवीतलं पोरगं चारचौघांत हात धरत नाही.

एजंट ऑरेंज म्हणजे झाडांची पानं गाळणारं रसायन, पिंपांवरच्या नारिंगी पट्ट्यामुळे हे नाव पडलं. १९६१ ते १९७१ या काळात अशा तणनाशकांची सुमारे ७.५ कोटी लिटर फवारणी अमेरिकेने केली. त्यातल्या डायॉक्सिन या विषाने माती, पाणी आणि माणसं नासवली. आपल्या विदर्भात फवारणी करताना विषबाधा झालेल्या शेतकऱ्यांच्या बातम्या वाचलेल्या माणसाला हे दालन लांबचं वाटत नाही. माझी बायको कृषी महाविद्यालयात शिकलेली, ती रसायनांच्या फलकापुढे सगळ्यात जास्त वेळ थांबली.

फोटो काढायला सहसा मनाई नाही, फ्लॅश मात्र नको. पण या मजल्यावर फोन खिशातच राहू द्या. मृतांच्या फोटोपुढे सेल्फी काढणारे लोक आम्ही पाहिले, आपल्याकडचेही होते, आणि फार वाईट वाटलं.

हे कोण सांगतं आहे?

हा प्रश्न मनात ठेवून फिरा. संग्रहालय सायगॉन पडल्यावर चार-पाच महिन्यांतच, सप्टेंबर १९७५ मध्ये सुरू झालं. तेव्हा नावात ‘अमेरिका आणि तिच्या बाहुल्या सरकारचे गुन्हे’ असे शब्द होते. १९९० मध्ये अमेरिकेचं नाव गेलं, ‘युद्ध आणि आक्रमणाचे गुन्हे’ राहिलं. १९९५ मध्ये दोन देशांचे संबंध सुरळीत झाले आणि आजचं नाव आलं, त्यातून ‘गुन्हे’ हा शब्दही गेला. तळमजल्यावर व्हिएतनामला जगभरातून मिळालेल्या पाठिंब्याचं दालन आहे. कोलकात्याने अमेरिकी वकिलातीच्या रस्त्याला हो ची मिन्ह सरणी नाव दिलं होतं, ते तिथे आठवतं. पण दक्षिण व्हिएतनामकडून लढलेले लाखो सैनिक, सायगॉन पडल्यावर छावण्यांत गेलेले किंवा बोटींतून पळालेले लोक, त्यांचा आवाज या इमारतीत जवळजवळ नाही. अमेरिकेचे ५८,००० हून अधिक सैनिक गेले. व्हिएतनाम सरकारचा १९९५ चा मृतांचा आकडा ३० लाखांच्या घरात आहे, त्यातले सुमारे २० लाख सामान्य नागरिक. दुःख कोणाचं मोठं हे या आकड्यांवरून सांगायची गरजच नाही. तरी जो जिंकला त्याने हे संग्रहालय मांडलं आहे, हे मुलांना सांगा.

अंगण, सगळ्यात शेवटी

खाली आलात की मुलांना मोकळं सोडा. ह्युई हेलिकॉप्टर, एम-४८ रणगाडा, एफ-५ विमान, सगळं हाताच्या अंतरावर आहे. एका बाजूला तुरुंगाच्या ‘वाघाच्या पिंजऱ्यां’ची प्रतिकृती आणि गिलोटिन हे शिरच्छेदाचं यंत्र आहे. तो भाग अंधारा आणि कोंदट आहे, ज्याला श्वासाचा त्रास आहे त्याने आत जाऊ नये.

बाबा त्या मोठ्या बॉम्बपाशी गेले. बीएलयू-८२, सुमारे ६,८०० किलोचा, जंगल साफ करून हेलिकॉप्टर उतरायला जागा करण्यासाठी टाकायचे. बाबांनी चष्मा पुसला, वाकून वेल्डिंगची रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघत गेले. हात मागे बांधलेले. मग म्हणाले, “पातळ पत्रा आहे रे. आमचं कवच जाड असायचं, तुकडे उडाले पाहिजेत म्हणून. यात तुकड्यांचं काम नाही, नुसता दाब.” मी विचारलं, बसता का? ते म्हणाले, “आम्ही माप बरोबर आलं का एवढंच पाहायचो. पास झालं की पुढचं.” त्यानंतर ते झाडाखालच्या बाकावर वीस मिनिटं बसले. नातवाने पाणी आणून दिलं ते हातात धरूनच बसले होते.

म्हणून माझा आग्रह: ज्याला बसायचं आहे त्याला बसू द्या. घड्याळ बघू नका. सगळं मिळून साडेतीन ते चार तास धरा.

उरलेला दिवस

कु चीचे बोगदे, म्हणजे युद्धातले गनिमी सैनिकांचे भुयारी मार्ग, त्याच दिवशी ठेवू नका. तिथे पर्यटकांना खऱ्या बंदुका झाडायला मिळतात आणि तो आवाज सगळीकडे ऐकू येतो. या संग्रहालयानंतर तो ऐकवत नाही. इंडिपेंडन्स पॅलेस, जिथे ३० एप्रिल १९७५ ला रणगाड्याने फाटक तोडलं, जवळच आहे, पण तोही दुसऱ्या दिवशी.

जेवणासाठी ‘चाय’ हा शब्द लक्षात ठेवा. तिथे त्याचा अर्थ शाकाहारी. साध्या हॉटेलात भाजीतही माशाचा रस पडतो, म्हणून पाटीवर हा शब्द बघूनच आत जा. जेवून आम्ही मरिअम्मन मंदिरात जाऊन बसलो, तमिळ व्यापाऱ्यांनी बांधलेलं जुनं देऊळ आहे, शांत आहे.

संध्याकाळी एका चौकात मात्र आवर्जून गेलो आणि नागपूरच्या माणसाने तिथे जायलाच हवं असं मला वाटतं. ११ जून १९६३ ला थिच क्वांग डुक या भिक्खूंनी बौद्धांवरच्या अन्यायाविरुद्ध त्या चौकात पद्मासनात बसून स्वतःला पेटवून घेतलं. तिथे आता त्यांचं स्मारक आहे, संग्रहालयापासून चालत जाण्याइतकं. रस्ता ओलांडताना मोटारसायकलींच्या लोंढ्यात थांबायचं किंवा पळायचं नाही, एका गतीने सरळ चालत राहायचं, त्या स्वतःच वळसा घालतात. बाबा माझा दंड धरून आले. आम्ही फुलं घेतली होती. दीक्षाभूमीवर नेहमी जाणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांसाठी मुलाने तिथला एक फोटो काढला, या प्रवासातला त्याचा तेवढा एकच फोटो मोठा करून त्यांच्या घरी लागला आहे.

सिंगापूरला जाणार असाल तर चांगीचं संग्रहालय आणि क्रांजीचं युद्धस्मारक यांना याच पद्धतीने अर्धा दिवस द्या. क्रांजीच्या भिंतींवर २४,००० हून अधिक नावं आहेत, त्यात कितीतरी भारतीय. घरातलं कोणी दुसऱ्या महायुद्धात गेलं असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव शोधून भिंतीचा क्रमांक लिहून न्या. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमला तिकीट नाही, पण तिथली होलोकॉस्टच्या (ज्यूंच्या वंशसंहाराच्या) दालनांत १४ वर्षांखालच्या मुलांना न नेण्याचा सल्ला संग्रहालयच देतं.

परत आल्यावर मुलाने विचारलं की आपल्याकडे असं काय आहे. सीताबर्डीचा किल्ला आहे. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला भोसल्यांची फौज आणि इंग्रज तिथे लढले, त्या लढाईत पडलेल्यांच्या कबरी आत आहेत. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे आणि लोकांसाठी २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट या दिवशी उघडतो. आम्ही जानेवारीत जाणार आहोत, बाबांनी स्वतःच तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे. ओळखपत्र सोबत ठेवा आणि सकाळीच जा, दुपारी रांग वाढते.